दुपारच्या उन्हाला थट्टा कळत नाही

— नाही, नाही, ते मशीन खाली ठेवा आधी. भोक पाडायचं नाही. मालकाचा कागद आहे ना? असू दे. कागद काय, मीही लिहून देईन दोन. खालच्या दुकानाचा बोर्ड म्हणे! आणि लावायला भिंत उरली नाही वाटतं सगळ्या इमारतीत, माझीच खिडकी मिळाली? बघू चित्र. — अगबाई, चप्पल! खिडकीएवढी चप्पल! म्हणजे रोज दुपारी सूर्य माझ्या दाराशी यायचा आणि तुम्ही त्याला चप्पल दाखवायची. हसू नका, मी थट्टा करत नाहीये. बसा त्या स्टुलावर. त्या नव्हे, त्यावर टाचण्या आहेत. ही पँट दोन बोटं आखूड करून तीन वाजता द्यायचीय, तेव्हा माझे हात चालू राहतील आणि तोंडही. तुम्हाला मात्र थांबावं लागेल. बारा वाजून गेल्यावर काय ते बोलू.

का म्हणजे? खाली कोणी सांगितलं नाही? वरची बाई उन्हाला हाका मारते, चेटूक करते, जिन्यात सावली पडली तर ओलांडू नका — सांगितलं ना? चेहऱ्यावरूनच कळतंय. तर ऐका, खरं आहे. करते मी. माझ्या मावशीनं शिकवलं, तिला कोणी शिकवलं ते तिलाच ठाऊक. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सकाळी उठल्यावर पाण्याची बरणी खिडकीत ठेवते, तासभर ऊन खाल्लं की त्यातलं अर्धं पिते आणि दिवसाचं पहिलं काम काय ते मोठ्यानं सांगते. संध्याकाळी जे नकोसं झालंय ते चिंधीला गाठ मारून मावळत्या उन्हात धरते आणि गाठ सोडते. आणि दुपारी उन्हात उभं राहून ताकद मागते. बस्स. ना कोंबडं, ना लिंबू. लोक भिंतीवर कॅलेंडर लावतात, मी ऊन लावते. कुणाच्या बापाचं काय जातं? — चहा घेणार? नको तर नको.

दुपारचं मात्र जपून करावं लागतं हो. मावशी म्हणायची, सकाळचं ऊन लेकरासारखं, संध्याकाळचं म्हाताऱ्यासारखं, दोघंही समजून घेतात. दुपारच्या उन्हाला थट्टा कळत नाही. जे बोलशील ते शब्दाला शब्द धरून देईल. म्हणून दुपारी रागावून तोंड उघडायचं नाही. आलेला शब्द गिळायचा, पाणी प्यायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं. मीही तीस वर्षं पाळलं. तीस वर्षं!

— ते? ते खोकतायत. आतल्या खोलीत. माझे यजमान. घड्याळजी आहेत. ही खिडकीतली लांब फळी दिसते ना, अर्धी त्यांची, अर्धी माझी. इकडे माझं मशीन, तिकडे ते डोळ्याला भिंग लावून बसलेले. आमचं कधी पटलं नाही या बाबतीत. मला ऊन हवं, त्यांच्या भिंगात ते शिरायचं. "डोळ्यात जातंय, डोळ्यात जातंय" — रोज बाराला हात आडवा धरून ओरडायचे. मी म्हणायची, तुमच्या शंभर घड्याळांपेक्षा माझं ऊन वेळेवर येतं. ते म्हणायचे, मग गिऱ्हाइकांना मनगटावर ऊन बांधून दे. गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायची, खोटं कशाला बोलू? जीभ अशी चालायची त्यांची — अशी! आता बघा कसं गप्प आहे घर. अडीच महिने झाले. आधी झटका आला, मग ही शांतता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

कळलं, कळलं मला, तोंड पाडू नका. डॉक्टर म्हणाले रक्तदाब, म्हणाले गोळ्या चुकवल्या, तंबाखू. असेल. तो शिकलेला माणूस, खोटं कशाला बोलेल? गोळ्या मी वेळच्या वेळी देते, मालिशवाली येते, सगळं करते. तुम्हाला काय वाटलं, नुसतं ऊन दाखवून बसलेय? पण डॉक्टरांना सगळं ठाऊक नाही. त्यांना ठाऊक नाही मी काय बोलले ते.

— काही नाही. पँटचं बोलत होते.

नाही, आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. पण खाली जाऊन बोललात तर याद राखा. — घाबरू नका हो, शाप-बिप देत नाही मी कुणाला. दिला एकदाच. त्या दिवशी मी इथे, या फरशीवर, हात वर करून उभी होते, आणि यांनी मागून येऊन खिडकीत पुठ्ठा अडकवला. सरळ! वर गिऱ्हाइकाला म्हणाले, "बायको बंद पडलीय, दुरुस्तीला टाकतो." मी पुठ्ठा ओढून फेकला, ऊन भसकन तोंडावर आलं, आणि मी — मी त्या उन्हाला म्हटलं, यांचं तोंड बंद कर. एकदाचं बंद कर. बरोबर आठव्या दिवशी भिंग लावल्या लावल्या खाली कोसळले.

योगायोग म्हणा. म्हणा ना, माझी लेकसुद्धा फोनवर तेच म्हणते. पण म्हटलं ते मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

ती खडूची रेघ दिसली? त्या दिवशीची. उभं राहण्याआधी उन्हाच्या कडेला शिवणाच्या खडूनं रेघ मारायची माझी सवय. फरशी पुसते, ती रेघ सोडून. त्यानंतर ऊन रोज थोडं थोडं आत गेलं, पार त्या कपाटापर्यंत, मग तिथून माघारी फिरलं. आता एक फरशी राहिलीय. मावशी सांगायची, ऊन आत जाताना मागितलेलं ते माघारी येतानाच परत देता येतं, त्याच रेघेवर, त्याच तोंडानं. सात दिवस. सात दिवसांत तुमची चप्पल इथे लागली तर मी कुठे उभी राहू? पुढच्या वर्षी? तोवर ते राहतील का? सांगा ना!

मालक गेला खड्ड्यात. त्याला सांगा, बाई खिडकीत बसून आहे, भोक पाडायचं तर आधी तिच्या हातात पाडा.

— आलं. आलं बघा. उठा, तुमची सावली पडतेय. हा आरसा धरा, गिऱ्हाइकांना पाठ दाखवायला ठेवलेला. रोज मीच धरते, पण आज हातात ही पँट आहे. फरशीवरचं ऊन उचला आणि आतल्या दारातून पलंगावर टाका. अजून वर. उशीवर. हां. रोज मी हे ऊन त्यांच्या तोंडावर टाकते आणि ते नुसते डोळे मिटून घेतात, भिंतीसारखे. हलू नका. अहो, ऐकलंत का? बारा वाजले. कोण आलंय बघा, चप्पलवाले आलेत—

थांबा.

आरसा हलवला का तुम्ही? नाही ना? शपथ? मग तो हात — तो डावा हात — बघा, आडवा धरला! डोळ्यांवर आडवा धरला! "डोळ्यात जातंय" म्हणतायत ते, असंच धरायचे, अगदी असाच! त्रास होतोय त्यांना! अहो, त्रास होतोय!

— मी रडत नाहीये. ऊन लागलं डोळ्याला. आरसा द्या इकडे. तुमचं ते मशीन उचला, टेप राहिली बघा स्टुलाखाली, आणि निघा आता. मालकाला काय सांगायचं ते सांगा. आठव्या दिवशी या, मग लावा चप्पल नाहीतर बूट. सातव्या दिवशी नको. सातव्या दिवशी आम्हाला भांडायचंय.