आमच्यात कुणाला न्हाय

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. आक्काच्या कारखान्यातल्या बायका शिफ्ट सुटल्यावर कागलहून वडापची जीप धरून आल्यात. जेवल्याही नसतील. मी लिहून आणलं होतं, पण ते वाचवत नाही. तशीच बोलते. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

आक्का माझी थोरली बहीण. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली. बीजांडकोशाच्या कॅन्सरनं. हे नाव इथं घेऊ नको, असं मला दारातच दोघांनी सांगितलं. केतकीचं, आक्काच्या मुलीचं, लग्न व्हायचंय म्हणून. मी केतकीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘घे मावशी नाव.’’ म्हणून घेतलं.

तुम्हाला आक्काचं काम ठाऊक आहे. ओतलेले लोखंडी भाग तपासायचे. एक जरी तडकलेला निघाला, की त्या भट्टीतला सगळा माल ती थांबवायची. मग साहेब किती का ओरडेनात. घरी येऊन हसत सांगायची, आज पण मला शिव्या बसल्या.

पाच वर्षांपूर्वी आक्काची गर्भाशयाची पिशवी काढायची ठरली. साध्या गाठी होत्या. भाऊजी कामावर, म्हणून आमचे वडील, आबा, आणि मी सोबत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला स्तनाचा, बीजांडकोशाचा कॅन्सर झालाय का? झाला असेल तर आधी रक्त तपासू. गरज वाटली तर बीजांडकोश आणि नळ्याही याच वेळी काढू.

आबा म्हणाले, ‘‘आमच्यात कुणाला न्हाय.’’

मी मान हलवली. आक्कानंही हलवली.

खोटं बोललो का आम्ही? नाही हो. आम्हाला खरंच तसं वाटत होतं.

आत्ती, आबांची बहीण, राधानगरीकडं दिलेली. ती याच आजारानं गेली होती. पोटात पाणी होऊन. तिचं सुतक आमच्या घरी तीन दिवस. चौथ्या दिवशी आजी डोक्यावरून अंघोळ करून म्हशीची धार काढायला बसली. दिलेली लेक. तिचं दुखणं तिच्या सासरचं. आमच्या घरात ती धरलेलीच नव्हती.

पिशवी गेली. बीजांडकोश राहिले.

शेवटच्या महिन्यात आक्का एकदम म्हणाली, ‘‘आत्तीला धरलंच न्हाय की गं आपण. एकाच भट्टीतला माल. आणि मी सोडून दिला.’’

मी तिचे पाय चेपत बसले.

आक्काच्या रक्तात सापडलेला जनुकाचा दोष माझ्याही रक्तात निघालाय. तो वडिलांकडूनही येतो, हे आम्हाला आत्ता कळलं. सोमवारी माझे बीजांडकोश आणि नळ्या काढणार आहेत. धोका पुष्कळ कमी होईल म्हणतात, शून्य होईल असं कुणी म्हणत नाही. मी भ्यालेय. आणि रोज वाटतं, हे ऑपरेशन आक्काचं होतं. मी एक मान हलवली आणि तिचं माझ्याकडं आलं. हे घेऊन मी कुठं जाऊ?

गेल्या आठवड्यात आबा माझ्याबरोबर दवाखान्यात आले. नको म्हटलं तरी आले. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, ‘‘हाय. माझी भन. आणि माझी लेक.’’

आबा, खाली बघू नका. मान मीही हलवली होती.

केतकीचा रिपोर्ट अजून यायचाय.

आता दोन मिनिटं उभं राहूया. हात जोडून एक मागते. आक्काला आठवाच, पण तुमच्या घरातून लग्न होऊन गेलेल्या बायकाही आठवा. आत्या, बहिणी, चुलतबहिणी. कोण कशानं गेली? आठवलं तर उद्याच घरातल्या पोरींना सांगा. डॉक्टरांना सांगा. लाजू नका.

आक्का, आत्ती आपल्यातलीच होती गं.

उठूया.