न पाहिलेल्या चित्रपटाचं मत

मंडळी, एक विचारते, खरं सांगा हं! खोटं बोलणं पाप, हे आपण पोरांना शिकवतो. पण जे पाहिलंच नाही, त्यावर छातीठोक मत देणं — ते काय? पाप, की नुसती सवय? … गप्प झालात! पखवाजवाले दादासुद्धा खाली बघतायत!

तर ऐका. रत्नागिरीत एक उन्मेष शिवलकर. औषधाच्या दुकानात नोकरीला, पण मन सदा अंतराळात! अंतराळयानं, यंत्रमानव, काळात मागंपुढं फिरणारी माणसं — असले चित्रपट, असली पुस्तकं, इंटरनेटवरच्या अजब चिजा — सगळ्यांवर रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आपलं मत बोलून पाठवायचा. आवाज गोड, लोक ऐकायचे. लोक ऐकतात म्हटल्यावर रोज मत हवं! आणि रोज पाहायला वेळ कुठला? मग इकडच्या दोन ओळी, तिकडच्या दोन, वर आपली फोडणी! अहो, नैवेद्य न चाखता वाढतात — मत नव्हे!

त्याचे सगळ्यात निष्ठावंत श्रोते म्हणजे तोडणकर मास्तर. शाळेत त्याला विज्ञान शिकवलेलं. मधुमेहानं दृष्टी गेलेली. म्हणायचे, "उन्म्या, तुझ्या तोंडून मी मंगळावर जाऊन येतो रे!"

एकदा गावात अंतराळावरचा मराठी चित्रपट लागला. उन्मेषला काही जायला जमलं नाही. फोनवर कुणीतरी लिहिलेलं दिसलं — 'आवाजानं डोकं उठलं.' झालं! उन्मेषनं सकाळी ठोकून दिलं: "यानात नुसती खरखर! कानात कापूस घाला, नाहीतर घरी बसा!" लोक हसले. उन्मेष खूश!

पुढच्या आठवड्यात दुपारी मास्तर काठी टेकत दुकानात आले.

"उन्म्या, आहेस का?"

"या सर! गोळ्या संपल्या?"

"गोळ्या नकोत. वैजूचा फोन आला होता."

वैजू म्हणजे मास्तरांची लेक. मुंबईत चित्रपटांना आवाज जोडायचं काम करते. मास्तरांना ते पटलं नव्हतं. 'यासाठी शिकवलं होय तुला!' असं बोलून बसले होते. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं 'जेवलात का' एवढ्यावर आलेलं.

"म्हणाली, बाबा, तो चित्रपट ऐकलात का? मी म्हटलं, छे! उन्मेष म्हणतो नुसती खरखर. हसलो मी. ती हसली नाही रे. मग म्हणाली — बाबा, ती खरखर मी केलीय. तुमच्या सहाणेची आहे."

मंडळी, मास्तर रोज सकाळी देवासाठी सहाणेवर चंदन उगाळायचे. पोरीनं गणपतीत येऊन गुपचूप तो आवाज टिपून नेला, आणि अख्खं यान त्यावर चालवलं! बापाला सांगितलं नाही. अंधारात बसून बाप आपणहून ओळखेल — एवढीच तिची आशा! आणि चित्रपट गावातून उतरलाही.

उन्मेषचे कान तापले.

"तुझं काही चुकलं नाही," मास्तर म्हणाले. "नाही आवडलं, तसं म्हणालास. पुढं मोबाइलवर येईल म्हणे. पण संध्याकाळी तिला फोन करायचाय, काहीतरी खरं बोलायला हवं. तू ऐकलायस ना? सांग — यान निघतं, तेव्हा कसा वाटतो माझा आवाज?"

म्हातारा कान पुढं करून उभा! 'छान घुमतो सर' — एवढं म्हटलं की सुटला असता! कुठं कळणार होतं त्यांना? जीभ वळलीही होती. पण त्या न बघणाऱ्या डोळ्यांसमोर उन्मेषची मान वर होईना हो!

"सर… मी तो पाहिलाच नाही."

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. नाही रागावले. नुसती काठी चाचपली.

"मग हे वैजूला सांग. आत्ता. मी इथंच उभा राहतो."

उन्मेषनं मास्तरांच्याच मोबाइलवरून फोन लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला. "बोला बाबा?" — आणि तिकडं बाबा नव्हतेच! होता तो, रोज हजार शब्द बोलणारा, एक शब्द शोधत.

आता तुम्ही, मंडळी! कुणाच्या तरी लेकीच्या कष्टावर उद्या सकाळी बोट उठेल तुमचं. तेव्हा 'मी पाहिलं नाही' एवढं जमेल? म्हणून बघा माझ्याबरोबर… एवढा बारीक आवाज? लाज वाटते? वाटू द्या! त्या लाजेला हाकलू नका. ती घरात आहे तोवर देवालाही आपल्या दारात यावंसं वाटतं.