पाट्याच्या पोटात

दगड माझ्या पाचवीलाच पुजलेला, आणि हे मी थट्टेनं नाही सांगत, खरंच पुजलेला. वाकोल्याला आमची एक खोली, बाबा मिलमध्ये, आई देवगडकडची, आणि मी जन्मल्यावर पाचव्या दिवशी आईनं सटवाई म्हणून काय मांडलं, तर तिचा काळा पाटा, ज्यावर रोज मिरची-खोबरं वाटायची तोच. सटवाई येते ना, बाळाच्या कपाळावर लिहून जाते, तर पुढे मी दगडांचा अभ्यास करायचं ठरवलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारला, म्हणाली, बघ, सटवीन दगडच लिवल्यान.

काय सांगू तुम्हाला, हातोडी घेऊन डोंगर पालथे घातले मी, आणि घरी यायचे ती पिशवीभर दगड घेऊन, आई दारातच अडवायची, आणलंस? घरात कमी होते? शेजारणींना सांगायची, आमचा चेडू दगडा फोडता, चेडू म्हणजे पोरगी. डॉक्टरेट झाली, अंधेरीच्या कॉलेजात शिकवायला लागले, तरी तेच, चेडू दगडा फोडता. राग यायचा ना, पण सांगणार कसं, मी जे बघते ते मायक्रोस्कोपमध्येच दिसतं.

मग चारकोपला राहायला आलो, पाटा आलाच बरोबर, आणि आईचे डोळे बिघडले. एक गेलाच. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, हाही जाणार हळूहळू, उपाय नाही. परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच, हिनं माझं काम बघितलेलंच नाही, आणि आता वेळ नाही.

म्हटलं आई, पाट्याचा एक तुकडा दे, आत काय आहे ते दाखवते. भडकलीच. पाटो फोडतलंस? तुझी सटवी ती! बोलायचीच बंद झाली माझ्याशी, मग मीही हट्ट सोडला. तर एका सकाळी वाटण वाटता वाटता थांबली, पाटा धुतला, हळदकुंकू लावलं, हात जोडून गाऱ्हाणं घातलं, बा म्हाराजा, लेकीचा काम बघूक होया, रागाव नको. मला म्हणाली, आण तुझी हातोडी. मी मारायला वाकले तर माझ्या हातातून घेतली आणि कोपऱ्यावर स्वतःच हाणली. माझी हातोडी तिनं पहिल्यांदा हातात धरली हो ती.

आता तो तुकडा कापायचा, काचेवर चिकटवायचा, आणि घासायची पूड नि पाणी घालून घासत राहायचं, केसाहून पातळ होईस्तोवर, इतका की दगडातून उजेड आरपार जातो. आई लॅबमध्ये स्टुलावर बसून बघत होती, म्हणाली, म्हणजे तूय वाटतंस!

मग तिचा बरा डोळा लावला मायक्रोस्कोपला. मी बडबडतेय, आई, हा लाव्हा, सहा कोटी वर्षं झाली असतील, वाहत आला, थंड झाला, आपली बोरिवलीची लेणी ह्यातच कोरली, आपल्या पायाखालीही हाच. ती नुसतीच डोळा लावून वाकलेली. म्हटलं वाट लागली, दिसत नाही हिला, उशीर झाला. काच जरा फिरवली तर ओरडली, गो हलव नको, निळो गेलो माझो! मी परत फिरवली, निळा परत आला. अहो, काळ्या दगडात निळं, केशरी, जांभळं, मध्ये पांढऱ्या-करड्या काड्या, मी जन्मभर बघतेय तरी अंगावर काटा येतो, बाहेरून हा असा मुका आणि पोटात हे सगळं. आई मान वर करेचना. मग हळूच म्हणाली, बाय माझे, इतकी वर्सां ह्या रूपाक मिरची लावलंय मी!

आता दुसराही डोळा गेला. मिक्सर पडलाय तसाच, वाटण तीच करते चाचपडत, आणि आधी तुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवते. शेजारीण आली की सांगते, ह्याच्या पोटात काय आसा म्हायत आसा तुका? माझ्या चेडवान दाखवल्यान. परवा मी पाटा धुवायला घेतला तर मागून म्हणाली, तुझ्या पाचवीक मी काय चुकीचा नाय पुजलंय गो. माझं बोट त्या तुटक्या कोपऱ्यावर गेलं. नळ तसाच चालू राहिला.