चौदा नंबरच्या सायकलीचे कॅरिअर

मी, नरहरी दामोदर चुरी, वय ७४ वर्षे, पूर्वी शाळेत लिपिक, आता सेवानिवृत्त, रा. चंदनसार, विरार पूर्व, आज दि. १८ डिसेंबर रोजी सकाळी ११ वाजता, कोणी बोलावले नसताना, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व पत्नी मथुरा, वय ६९, दोघेच राहतो. इमारतीसमोर भाड्याच्या सायकलींचा स्टँड आहे. सायकलीचे कुलूप मोबाईलने उघडते. मला ते जमत नाही, म्हणून स्टँडवरचे फर्डिनंड, वय अंदाजे ५०, उघडून देतात. रोज सकाळी सहाच्या सुमारास मी चांदीपच्या रस्त्याला जातो. भात कापलेल्या शेतांवर तेव्हा धुके असते. बगळे धुक्याचेच तुकडे वाटतात. वाटेत मी शाळेतल्या कविता म्हणतो. कोणत्या ते सांगू लागलो असता हवालदार म्हणाले, "आजोबा, कविता राहू द्या. तारीख सांगा."

तारीख ४. त्या सायकलींना कॅरिअर नसते. पत्नीचे गुडघे गेल्याने तिला चालवत नाही. सन १९७८ मध्ये लग्न झाल्यावर ती कळंबहून, माहेराहून, माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून आली होती. ती सायकल मी पुढे भंगारात दिली. कॅरिअर काढून ठेवले. का, ते सांगता येत नाही.

फर्डिनंड चहाला गेले असता मी ते कॅरिअर १४ नंबरच्या सायकलीला बसवले. परत आल्यावर ते म्हणाले, "काका, माझी नोकरी घालवणार तुम्ही!" मी म्हणालो, "उद्या काढतो." असे मी अकरा दिवस म्हणालो.

पहिल्या दिवशी पत्नी म्हणाली, "या वयात? लोक हसतील." शेतांपाशी आल्यावर म्हणाली, "इथं कोन बघतंय? हळू चालवा जरा." त्या दिवशी परत येण्यास पाऊण तास उशीर झाला. पुढे इतरही तीच सायकल मागू लागले. भाजीवाल्या जिजाबाई तिच्यावर माठाच्या जुड्या बांधून नेत.

दि. १५, सोमवारी कंपनीचे अधिकारी आले. फेरफार फर्डिनंड यांनीच केला असे धरून त्यांना कामावरून बंद केले, तक्रार दिली. सायकल येथे जमा आहे. मी तापाने घरी होतो. काल जिजाबाईंनी सांगितले तेव्हा कळले. फर्डिनंड यांनी माझे नाव घेतलेले नाही.

दोष सर्वस्वी माझा आहे. फर्डिनंड यांना कामावर परत घ्यावे. पुन्हा कोणत्याही सायकलीला काही बसवणार नाही, असे लिहून देतो. कॅरिअर मीच काढून देईन, पाना आणला आहे. पत्नी सोबत आली आहे. आवारात बाक रिकामा असूनही ती त्या सायकलीवर मागे जाऊन बसली आहे. ती उतरली की काढतो.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. सांगितला तसाच आहे, खरा आहे. खाली सही करीत आहे. पत्नी अजून बसलेली आहे.