छातीवरचं टिचबटण

— नको, नको, जॅकेट काढू नकोस, राहू दे अंगावर. जॅकेटवरूनच माप घ्यायचं असतं. वर घळीत काय नुसत्या सदऱ्यावर फिरणार आहेस तू? सप्टेंबर आहे, सकाळी पाणी गोठतंय बादलीत. हात वर कर, मार्लिस. आणखी. हां, अस्सं. — बायकांचं माप घ्यायचं म्हटलं की अजून लाजल्यासारखं होतं बघ मला, सदुसष्ट वर्षांचा घोडा झालो तरी — हा पट्टा खांद्यावरून येणार, हा काखेखालून, आणि पिस्तूल बरोबर मध्ये, छातीवर. कमरेला नाही लावायचं. कमरेला पाठपिशवीचा पट्टा येतो, पिस्तूल त्याच्याखाली दबून बसतं. आणि पाठपिशवीला तर मुळीच अडकवायचं नाही. एल्क पाडला, घोड्याएवढं हरीण ते, कापायला बसलं, की माणूस पहिल्यांदा काय करतो? पिशवी उतरवून झाडाला टेकवतो. म्हणजे पिस्तूल झाडापाशी, आणि हा बाबा एल्कच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेला. अस्वल काय थांबणार आहे होय, जा, तुझं पिस्तूल घेऊन ये, मी बसतो इथेच, म्हणून? म्हणून छातीवर. कशीही पड, पालथी पड, उताणी पड, छाती काही तुला सोडून जात नाही. — श्वास सोड. अगं सोड ना, माप चुकतं माझं.

झालं. आता ऐक माझं. तुला मी नवीन होल्स्टर करून देतो. हे बघ, हे चामडं, काल आलंय, लोण्यासारखं आहे, हात लावून बघ. गुरुवारपर्यंत देतो. अकरा जणांची कामं आहेत शनिवारच्या आत, शिकार उघडते ना रविवारी, सगळ्यांना आत्ताच जाग येते — पण तुझं पहिलं. आणि ती पिशवी — ती कागदी पिशवी राहू दे, उघडू नकोस. मला माहीत आहे त्यात काय आहे. मीच शिवलेलं आहे, मला कशाला दाखवतेस? लाइलचंच पाहिजे हा काय हट्ट? ते तुला मोठं होणार. कापावं लागणार, टाके उसवावे लागणार, आणि चामडं एकदा भिजून वाळलं ना, की त्यात राम राहत नाही. — हो, कळतं गं. कळतं मला. नवऱ्याचं आहे. मी काय दगड आहे?

तू चाललीस कुणाबरोबर? — एकटी? वेड लागलंय का तुला? शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नाव लागलं म्हणून जायलाच पाहिजे असं थोडंच आहे! आणि जिथे लाइल गेला त्याच घळीत? त्याच? — बरं. नाही बोलत. तुझी मर्जी. पण केनीला तरी घेऊन जा बरोबर. — केनी नको. बरं, केनी नको. माझं ऐकशील तर केनीवर राग धरू नकोस तू. त्या दिवशी लाइलबरोबर तोच होता, आणि त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. त्याच्या हातात मिरचीच्या फवाऱ्याचा डबा होता, त्यानं तो मारला, वारा उलटा होता, सगळं त्याच्याच डोळ्यांत गेलं. त्याआधी त्याला काय दिसलं? अस्वल झुडपातून निघालं, वीस-बावीस पावलांवरून, आणि लाइल उभा. दोन्ही हात छातीशी. उभा तो उभाच. हलला नाही, पिस्तूल काढलं नाही. प्रार्थना करत असल्यासारखा, म्हणाला केनी. झालं! एवढंच वाक्य. पण या गावात एक वाक्य पुरतं. बारमध्ये गेलं, अग्निशमनवाल्यांच्या नाश्त्याला गेलं, पेट्रोल पंपावर गेलं — लाइल ट्वाइट, सहा फूट दोन इंच, छातीवर पिस्तूल, आणि ऐन वेळी गळाठला. वर्ष नाही झालं तर म्हणच झाली की त्याची. कुणी जरा अडखळला, की लाइल होऊ नको रे! पत्त्यांत पान टाकायला उशीर केला, की लाइल झाला का तू?

— काय? शाळेत? इन्ग्रिडच्या शाळेत? — कोण, तो नवीन मास्तर? बास्केटबॉलचा? — अरे देवा. मैदानात? सगळ्यांसमोर तिलाच म्हणाला, लाइल होऊ नको? — त्याला माहीत नसणार गं. बाहेरगावचा आहे तो, त्याला वाटलं असेल इथली बोलायची पद्धत आहे ही. लाइल हे माणसाचं नाव आहे हेच त्याला ठाऊक नसेल. — मग इन्ग्रिड? खेळली? — खेळली पुढे. हं. पोर बापावर गेली आहे. लाइल तसाच होता. या गुडघ्याएवढा होता तेव्हापासून बघतोय मी त्याला, ओढ्यात पडला तरी रडायचा नाही, उलट पाण्यालाच शिव्या द्यायचा. असला माणूस गळाठेल? मी तर कधीच — म्हणजे, माणसाचं सांगता येत नाही म्हणा. भले भले — अस्वल अंगावर येतं तेव्हा तीन आकडे मोजायला होत नाहीत. एक, दोन, आणि ते तुझ्यावर.

बस की, उभी का? कॉफी घे. कडू झालीय सकाळपासून उकळून, पण गरम आहे.

माझं म्हणणं काय, नवीन घे. नवीन डिझाइन आहे माझं. ही पट्टी बघ, पिस्तुलावरून येते ती. पूर्वी मी इथे दुहेरी चामडं घालायचो, आणि हे टिचबटण जाड, घोड्याच्या लगामाला लावतात तसलं. आता एकेरी. आणि ही पट्टीच्या टोकाची जीभ लांब ठेवतो, अंगठा नुसता टेकवला की टक्! हे बघ — टक्! मऊ. लहान मूलसुद्धा उघडेल. गेल्या वर्षीची जी सात होती ना, त्यांचीसुद्धा मी सगळ्यांची पट्टी बदलून —

— काही नाही. तेल लावायला बोलावली होती मी. फुकट तेल लावून देतो म्हटलं, घेऊन या. — ऑक्टोबरमध्ये. — हो, म्हणजे, लाइलच्या नंतरच. तेल लावता लावता म्हटलं, चला, पट्टीपण बदलून टाकू. त्यात काय एवढं? माल सुधारतोच ना माणूस. — सातच का म्हणजे? आठ केली होती. आठवं तुझ्या त्या पिशवीत आहे. — अशी बघू नकोस माझ्याकडे, मार्लिस.

बघ, मी तुला सांगतो, त्याच्या आदल्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे. डुएननं ओढा ओलांडला आणि माझ्या होल्स्टरमधून त्याचं पिस्तूल पडलं पाण्यात. गेलं वाहून. मग शिकारीच्या आधीच्या शनिवारी, सगळं गाव नाश्त्याला जमलेलं, तो उभा राहून काय म्हणाला? ऑर्विलची होल्स्टरं फार छान आहेत हो, मासे धरायला! तीनशे माणसं हसली. माझी बायको जिवंत होती तेव्हा, तीसुद्धा हसली. मी घरी आलो, आणि सांगतो तुला, त्या हिवाळ्यात मी जी होल्स्टरं शिवली ना, ती अशी शिवली की उलटं धरून गदागदा हलवलं तरी पिस्तूल हलणार नाही. दुहेरी चामडं. जाड टिचबटण. जीभ आखूड, का तर फांदीत अडकून उघडायला नको. मला फक्त एकच दिसत होतं — पडायला नाही पाहिजे. आत ठेवायचंच बघत बसलो मी. बाहेर काढायचं आहे, हे — 

लाइल आला होता परत. ऑगस्टमध्ये. इथेच उभा होता, तू उभी आहेस तिथेच. म्हणाला, ऑर्विलकाका, जरा कडक आहे हो. मी काय म्हणालो? चामडं आहे बाबा, वापरून सैल होईल, रोज शंभर वेळा काढ. — केलं त्यानं? — स्वयंपाकघरात? तू भाजी चिरताना? — रोज शंभर मोजून? हं. करणारच. तो तसाच होता. कोरडं असताना उघडायचं ते. मी खोटं नाही बोलणार, कोरडं असताना उघडायचं. पण त्या दिवशी दोन दिवसांचा पाऊस होऊन गेला होता, वर बर्फ पडलं होतं, आणि भिजलेलं दुहेरी चामडं थंडीनं कसं होतं — मी नंतर बघितलं. उरलेल्यातलं एक मागून आणलं, बादलीत बुडवलं, अंगणात ठेवलं गोठायला. मग घातलं छातीवर. एका हातानं नाही उघडलं. मग दोन्ही हात लावले. दोन्ही अंगठे असे — छातीशी — असे —

हो. असेच. प्रार्थना करत असल्यासारखे.

— काय म्हणालीस? — कुठलं नख? — लाइलच्या उजव्या अंगठ्याचं. उपटलेलं? मुळापासून? — तुला कोण म्हणालं अस्वलानं म्हणून? — हं. डॉक्टरांना काय माहीत. ते कशाला होल्स्टरकडे बघतील. मी बघितलं होतं. पोलिसांनी तुला द्यायच्या आधी मला बोलावलं होतं, हे तुझंच काम ना म्हणून विचारायला. त्या पट्टीवर ओरखडे आहेत, मार्लिस. जिभेच्या खालून. सगळे म्हणाले पंजा लागला. अस्वलाचा पंजा लागला असता तर पट्टी उरली असती का? बारीक आहेत ते. माणसाचे आहेत. मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी म्हणालो, हो, माझंच काम आहे, आणि सही केली.

वर्ष झालं. एकटा जेवायला बसतो आणि त्या पट्टीखाली लाइलचा अंगठा दिसतो.

तो गळाठला नव्हता. ऐकलंस? तुझा नवरा शेवटपर्यंत ते टिचबटण ओढत होता. घाबरला असेल, कोण नाही घाबरणार, पण हात चालू होते त्याचे. माझ्यामुळे मेला तो. मी मारला. घे, बोललो एकदाचं. शिव्या दे मला. काहीतरी फेकून मार, ती कात्री आहे, घे.

— शनिवारी? — नाश्त्याला? सगळ्यांसमोर? — मार्लिस, तुला सांगितलं ना मी. तुला कळलं, इन्ग्रिडला सांग, तिला कळू दे तिचा बाप कसा होता. बास झालं की. सगळ्या गावाला कशाला? मेलेला माणूस काही परत — नाही, तसं नाही म्हणायचं मला. पण माझ्याकडे काय आहे या दुकानाशिवाय? उद्यापासून माझ्या हातचं होल्स्टर कोण छातीला बांधेल? बेचाळीस वर्षं — हो, हो, लाइल चव्वेचाळीसचा होता. माहीत आहे मला. — नाही, इन्ग्रिडचं पटतंय मला. पटतंय. तिला जन्मभर ते ऐकावं लागणार, या गावात, कुणीही उठून म्हणणार. माझ्या एका शब्दानं बंद होईल ते. मला कळत नाही का? कळतं.

बरं. सांगतो. — वचन देतो. शनिवारची वाट कशाला बघायची, आज भेटेल त्याला सांगतो. पहिला जो माणूस दारातून येईल त्याला सांगतो, त्याच्याकडून तासाभरात सगळ्या गावाला कळेल. तू इथेच थांब. तुझ्यासमोर सांगतो.

गाडी आली वाटतं. — डुएनची. बघ, डुएनच आला. बरं झालं. त्याच्यापासूनच सुरुवात झाली, त्यालाच — थांब, तू काही बोलू नकोस हं. मला बोलू दे. मी बोलतो.

— ये रे, ये! चिखल झाडून ये, माझी फरशी आहे ती, तुझा गोठा नाही. — हो, झालंय तयार, सकाळीच झालं. हे घे, घाल छातीवर. — माझा चेहरा कुठे उतरलाय? वास आहे रे डिंकाचा, डोळे चुरचुरतात. — अं? — नाही, नाही, काही नाही. माप घेत होतो. हिचंही नाव लागलंय ना सोडतीत. — हो ना, धाडसी आहे. — पट्टी? पट्टी घट्ट आहे रे. नाही पडणार. यंदा नाही पडणार, लिहून देतो. — हा हा, मासे! विसरत नाहीस तू. — बस ना, कॉफी घे. नाही रे, अडचण कसली, तू बस. ही निघालीच होती. मार्लिस, ती पिशवी घे बाई तुझी. आणि दार नीट ओढून घे, वारा येतो.