उंचवट्याखालची रेघ

सर : म्हणजे चार दिवस तू हे मनात ठेवून फिरतेयस?

विद्यार्थिनी : पाच, सर. शनिवार-रविवार धरून.

सर : दार लोट आणि बस. त्या खुर्चीवरचे कागद ठेव खाली कुठेतरी. आता पहिल्यापासून सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही असं समज.

विद्यार्थिनी : हा आपला आलेख. कणांच्या टकरींमधून किती वस्तुमानाच्या कणजोड्या किती वेळा निघाल्या, ते. बहुतेक सगळं नेहमीचं, म्हणून रेघ हळूहळू उतरत जाते. आणि मध्येच हा आपला उंचवटा.

सर : नवा कण. ज्यासाठी सोमवारी सगळा गट जमणार आहे.

विद्यार्थिनी : पण उंचवटा किती मोठा, हे त्याच्याखालची रेघ आपण कशी काढतो त्यावर ठरतं. आणि ती आपण एकाच सूत्राने काढली. म्हणजे... नेहमीच्या.

सर : माझ्या, असं म्हण. संकोच कसला? बावीस वर्षं वापरतोय मी ते.

विद्यार्थिनी : मी आणखी चार सूत्रं लावून पाहिली. चारही तितकीच चपखल बसतात. पण तुमच्या सूत्राने उंचवट्यात एकशे चाळीस घटना, म्हणजे रेघेच्या वरच्या जादा जोड्या, निघतात. बाकीच्यांनी नव्वद, साठ, पन्नास...

सर : आणि चौथ्याने?

विद्यार्थिनी : अकरा.

(सर चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

सर : ते चौथंच बिघडलेलं असेल.

विद्यार्थिनी : तसंच निघावं म्हणून तर पुढे गेले. संगणकावर एक हजार खोटे नमुने बनवले. एकातही कण घातला नाही. त्यांना तुमचं सूत्र लावलं.

सर : आणि त्याने कण शोधून दाखवला.

विद्यार्थिनी : सरासरी नव्वद घटनांचा. नेमका त्याच जागी.

सर : तिथेच का?

विद्यार्थिनी : तिथून खाली आपलं यंत्र कमी ऊर्जेच्या टकरी गाळायला लागतं. त्यामुळे रेघ किंचित वाकते. सूत्राला ते वाकणं जमत नाही, मग जे उरेल ते सगळं कणाच्या नावावर खपवतं.

सर : मी ते बसवलं तेव्हा यंत्र वेगळं होतं. इतकं गाळत नव्हतं. नंतर पुन्हा तपासायचं राहूनच गेलं.

विद्यार्थिनी : मीही नाही तपासलं. तीन वर्षं.

सर : मग गप्प का बसलीस? माझी भीती वाटली?

विद्यार्थिनी : तुमची नाही. परवा काकू भेटल्या. म्हणाल्या, "नक्की आहे ना गं तो कण? निवृत्तीच्या आधी सापडला म्हणून हे लहान मुलासारखे हरखलेत." मी हो म्हणाले.

सर : हो म्हणालीस?

विद्यार्थिनी : तोंडातून निघून गेलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो हवाच होता.

सर : हं. सोमवारी काय मांडायचं?

विद्यार्थिनी : सूत्राच्या निवडीमुळे नव्वद घटनांची अनिश्चितता येते, असं सरळ लिहायचं. मग उंचवटा बराचसा तिच्यातच बुडतो. उरतं ते निव्वळ योगायोगानेही दिसू शकेल.

सर : बोलशील तू. मी उभा राहिलो तर लोक माझं सांत्वन करत बसतील, आलेख कुणी बघणार नाही. सूत्र कुणाचं म्हणून विचारलं, तर खुशाल माझ्याकडे बोट दाखव. मी पहिल्याच रांगेत असेन.

विद्यार्थिनी : रागावला नाहीत?

सर : रागावलोय की! शनिवारीच फोन करायचास, चार दिवस आधी कामाला लागलो असतो. बाकी जे वाटतंय ते माझं मी बघेन.

विद्यार्थिनी : आणि काकूंना?

सर : तेही मीच सांगतो. तू आधी ते खोटे नमुने दाखव. एखादा चांगला उंच निवड.

विद्यार्थिनी : हा बघा. सहाशे बारावा.

सर : ...किती देखणा आहे गं.