मागच्या सीटवरून मुलगा पाहणं

— मागं वळू नका पाव्हणं, पुढं बघा. बोलायचं काम माझं, चालवायचं तुमचं. छावणीपासून गारखेड्यापर्यंत मी तुमच्या मागं बसणार, मंग ठरवणार, आमची लेक द्वारका तुम्हाला द्यायची का नाय. पत्रिका गुरुजींनी बघितली, गाडी मी बघतो. हे दुसरं हेल्मेट कुणाचं हो? बहिणीचं? आवळ्याच्या तेलाचा वास येतोय — आमच्या घरीबी हेच लावत्यात. लई गुणाचं तेल.

आवो आवो — डावीकडं का दबलात? मागचा मोटारवाला हॉर्न वाजवतोय म्हणून? वाजवू द्या की! त्याच्या बापाचा रस्ता हाये व्हय? दोन चाकं हायेत म्हणून माणूस अर्धा होत नाय. कडंला उभ्या मोटारीचं एक दार उघडलं, की आपण दोघं थेट घाटी दवाखान्यात. आपली लेन धरा, लेनच्या मधोमध — हां, अस्सं. त्याला घाई आसंल तर जाईल उजवीकडून.

आधी एक सोयगावचा आला होता, त्यानं सिग्नल तोडला — नापास. दुसरा मोबाईल कानाला दाबून चालवायचा — नापास. तिसऱ्यानं बस आन रिक्षाच्या फटीत गाडी घातली, मी डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं — त्याला चहाबी पाजला नाय. कडक? व्हय, हाये मी कडक. पण खरं सांगू? रोज सकाळी द्वारकाच मला मोपेडवर छावणीच्या बाजारात सोडती. गुडघे गेलेत माझे. ती सासरी गेल्यावर कोण — जाऊ द्या. तुम्हाला काय करायचंय? पुढं बघा.

सिग्नलला रेघेच्या अलीकडं थांबलात. वळताना दिवा दिलात. चूक काढावी तरी कशात — आता ही आमची गल्ली आली. वाटंत जो चुकत नाय, तो हिथं सापडतोच — आं? हळू केलीत? गतिरोधकाच्या आधीच? आवो, त्याच्यावर पट्टे नायत, पाटी नाय, नवा माणूस धाडकन उडतो! सगळा भरवसा त्याच्यावरच होता माझा. तुम्हाला कसं ठाऊक? आमच्याकडं पहिल्यांदाच येताय म्हणालात ना?

आन द्वारका दारात उभी राहून का हसतीय?

थांबा. हे तेल... बहीण हाये का हो तुम्हाला? खरं बोला!

थांबवा गाडी, जावईबापू. उतरू द्या मला. उद्यापासून छावणीत तुम्हीच सोडायचं मला, मधोमध चालवून. निघा आता.